नेतृत्व करताना स्वतःची बलस्थाने नेमकी कशी ओळखावीत?

नवी_जबाबदारी (प्रश्न)

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रात काम करते आहे आणि आठ महिन्यांपूर्वी माझ्याकडे अकरा जणांच्या टीमची जबाबदारी आली. मागच्या महिन्यात वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म भरताना "टीमचे नेतृत्व करणारी व्यक्ती म्हणून तुमची तीन बलस्थाने लिहा" या ओळीपाशी मी जवळजवळ तासभर अडून बसले आणि शेवटी "मेहनती, प्रामाणिक, वेळ पाळणारी" एवढे लिहून मोकळी झाले. फॉर्म पाठवल्यावर लक्षात आले, की हेच तीन शब्द मी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीतही सांगितले होते. नऊ वर्षांत माझे काम बदलले, पद बदलले. स्वतःविषयीची माहिती मात्र तेवढीच राहिली, हे पाहून मला खरोखरच अस्वस्थ वाटले.

त्याच मूल्यमापनाचा दुसरा भाग म्हणजे सहकाऱ्यांनी नाव न देता लिहिलेले अभिप्राय. मी लोकांचे नीट ऐकून घेते, अशी माझी स्वतःबद्दलची पक्की समजूत होती. प्रत्यक्षात आलेल्या आठ अभिप्रायांपैकी तिघांनी, वेगवेगळ्या शब्दांत, "आमचे बोलणे पूर्ण होण्याआधीच यांचे उत्तर तयार असते" असे लिहिले आहे. एकाने "काम पुढे कुठे अडणार हे यांना आधी दिसते" असेही लिहिले आहे, पण खरे सांगायचे तर माझे लक्ष त्या पहिल्या तिघांवरच खिळून राहिले.

त्यानंतर मी बलस्थाने सांगणारी एक ऑनलाइन चाचणी दिली. तिने पाच शब्द दिले, ते वाचून बरे वाटले आणि पटलेही. परंतु सोमवारी कामावर गेल्यावर त्या शब्दांचे करायचे काय, हे मला कळेना.

म्हणून ज्यांनी काही वर्षे माणसांची जबाबदारी सांभाळली आहे त्यांना विचारते: तुम्हाला स्वतःची बलस्थाने कशी कळली? आपले स्वतःबद्दलचे मत आणि इतरांचे मत यांत अंतर पडले तर कोणाचे खरे धरायचे? आणि जे चांगले जमते ते वाढवण्यात शक्ती घालावी, की जे जमत नाही ते दुरुस्त करण्यात?

जुनी_वही

मी बावीस वर्षे उत्पादन विभागात आहे, त्यांपैकी चौदा वर्षे विभागप्रमुख म्हणून. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते एका वहीत आहे.

व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी १९९९ साली एका लेखात अगदी साधी पद्धत सांगितली होती. कोणताही महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय घडेल अशी आपली अपेक्षा आहे ते लिहून ठेवायचे, आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्षात काय झाले ते त्याच्याशी ताडून पाहायचे. बस, एवढेच. मी त्यात दोन रकाने वाढवले: हा निर्णय मी कशाच्या आधारावर घेतला, आणि माझी खात्री दहापैकी किती आहे.

ही वही सुरू करण्यापूर्वी मला कोणी विचारले असते, तर मी छातीठोकपणे सांगितले असते की मला माणसांची पारख आहे. तीन वर्षांत मी केलेल्या सात नेमणुकांच्या नोंदी नंतर वाचल्या तेव्हा त्यांतल्या चार ठिकाणी माझी अपेक्षा साफ चुकलेली होती, आणि चुकण्याची तऱ्हा चारही वेळा एकच होती. "कशाच्या आधारावर" या रकान्यात मी प्रत्येक वेळी "विचार स्पष्ट मांडतो", "आत्मविश्वास चांगला आहे" असे काहीतरी लिहिले होते. म्हणजे मी बोलण्याची पारख करत होतो आणि तिलाच माणसाची पारख समजत होतो. तेव्हापासून मी एकट्याने मुलाखत घेणे बंद केले आहे आणि उमेदवाराला अर्धा दिवस प्रत्यक्ष काम करायला देतो.

उलट, यंत्र बंद पडल्यावर किंवा माल उशिरा येणार असे कळल्यावर पाळ्या कशा फिरवायच्या, काम पुन्हा रुळावर यायला किती दिवस लागतील, याबाबतचे माझे अंदाज जवळजवळ दर वेळी एखाद्या दिवसाच्या फरकाने बरोबर निघालेले दिसले. या गोष्टीला बलस्थान म्हणावे असे मला तोवर कधी सुचलेही नव्हते. माझ्या मते तुम्ही त्या ओळीपाशी तासभर अडलात त्याचे कारण इथेच आहे. जे आपल्याला विनासायास जमते ते सगळ्यांनाच जमत असणार असे आपण धरून चालतो, आणि ज्यासाठी घाम गाळावा लागला तेवढेच आपल्या खात्यावर जमा करतो. म्हणून फॉर्मवर "मेहनती" हा शब्द येतो.

एक सावधगिरी मात्र पाळा. अपेक्षा आधी लिहा; नंतर आठवून लिहिण्यात अर्थ नाही. बारुख फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोगांतून दाखवून दिले होते, की एखाद्या घटनेचा शेवट एकदा कळला की "हे असेच होणार होते" असे माणसाला वाटू लागते, आणि आपल्याला आधी प्रत्यक्षात काय वाटले असते याचा अंदाज तो चुकीचा सांगतो. कागदावरची शाई तेवढी बदलत नाही.

मनाचा_अभ्यास

मी मानसशास्त्र शिकवते. तुमचा दुसरा प्रश्न, म्हणजे कोणाचे खरे धरायचे हा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर बरेच संशोधन झालेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपण आत डोकावलो की स्वतःविषयीचे सत्य सापडते, हा समज फार जुना आहे आणि तो अर्धाच बरोबर आहे. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांचा १९७७ सालचा एक प्रसिद्ध शोधनिबंध आहे. त्यांतील एका प्रयोगात लोकांसमोर स्त्रियांच्या पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीने ठेवून सर्वांत चांगल्या प्रतीची जोडी निवडायला सांगितले होते. चारही जोड्या अगदी सारख्या होत्या. लोकांनी उजवीकडच्या टोकाची जोडी इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा निवडली. पण का निवडली असे विचारल्यावर मोज्यांच्या जागेचा उल्लेख आपणहून एकानेही केला नाही. आपल्या वागण्याचे कारण आपण पाहून सांगत नाही, ते बऱ्याचदा रचून सांगतो, आणि रचतो आहोत याची आपल्याला जाणीव नसते. "मी नीट ऐकून घेते" ही तुमची समजूत खोटेपणातून आलेली नव्हती. ऐकण्याचा तुमचा हेतू तुम्हाला आतून दिसत होता, आणि समोरच्याला तुमचे फक्त वागणे दिसत होते.

म्हणून "मी बरोबर की ते बरोबर" असा सरसकट निवाडा करू नका. सिमिन वझिरे यांनी २०१० साली केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की चिंता, अस्वस्थता, स्वतःविषयीचा विश्वास अशा बाहेरून न दिसणाऱ्या गोष्टींविषयी माणूस स्वतः अधिक अचूक सांगू शकतो. परंतु बुद्धिमत्ता, सर्जनशीलता यांसारख्या ज्या गुणांना समाजात मोल आहे आणि म्हणून ज्यांच्याविषयी बोलताना आपला अभिमान मध्ये येतो, त्यांच्याविषयी आपल्याला जवळून ओळखणारे अधिक अचूक सांगतात. त्यामुळे बैठकीत तुम्हाला ताण येतो की नाही, हे तुम्हीच सांगू शकता. तुम्ही समोरच्याचे ऐकून घेतले की नाही, हे मात्र ज्याचे ऐकायचे होते त्यालाच विचारायला हवे.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ साली मांडलेली जोहरी खिडकी बहुतेक प्रशिक्षणांत दाखवतात: मला व इतरांना दोघांनाही दिसणारा भाग, फक्त मला दिसणारा, फक्त इतरांना दिसणारा आणि कोणालाच न दिसणारा. सहसा तिसऱ्या खणात आपले दोष असतात असे समजून ती शिकवली जाते. माझा अनुभव असा, की त्या खणात गुणही तितकेच दडलेले असतात. वर "जुनी_वही" यांनी जे लिहिले त्याला एक आधारही आहे. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांच्या १९९९ सालच्या शोधनिबंधाची एकच बाजू लोक सांगतात: सर्वांत कमी गुण मिळवणारा चतुर्थांश गट प्रत्यक्षात साधारण बाराव्या शतमकावर होता, म्हणजे शंभरांपैकी सुमारे बारा जणच त्याच्या खाली होते, आणि स्वतःला बासष्टाव्या शतमकाच्या आसपास समजत होता. (या निष्कर्षाचा काही भाग संख्याशास्त्रीय परिणाम असू शकतो, असा वाद नंतर झाला आहे, तेव्हा तो जपून वापरावा.) पण त्याच निबंधात असेही आहे, की सर्वांत वरच्या गटातील लोक स्वतःला इतरांच्या तुलनेत कमी लेखत होते, आणि इतरांनी सोडवलेल्या उत्तरपत्रिका पाहायला मिळाल्यावर त्यांनी आपला अंदाज वर नेला. इतरांना काय जमत नाही हे पाहिल्याशिवाय आपल्याला काय जमते हे कळत नाही, असा त्याचा अर्थ मी लावते.

चाचण्यांबद्दल थोडक्यात सांगते. काही चाचण्या चौतीस गुणविशेष धरतात, काही चोवीस. त्या टाकाऊ नाहीत, त्या आपल्याला शब्द पुरवतात आणि त्यांमुळे बोलणे सुरू होते. पण उत्तरे तुम्हीच दिलेली असतात, त्यामुळे निकालात तुमचीच स्वतःविषयीची मते वर्गवारी करून तुम्हाला परत मिळतात. ती पटणारच. "माझे ऐकण्याचे कौशल्य उत्तम आहे" या विधानापुढे मागच्या वर्षी तुम्ही कोणता आकडा निवडला असता, याचा विचार करून पाहा.

रात्रपाळी

मी एका रुग्णालयात परिचारिकांची प्रमुख आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद मला पटले, परंतु "इतरांना विचारा" हे सांगायला जितके सोपे आहे तितके करायला सोपे नाही, आणि मी स्वतः ते अनेक वर्षे चुकीच्या रीतीने करत होते, म्हणून लिहिते.

प्रमुख झाल्यावर मी दर महिन्याच्या बैठकीच्या शेवटी विचारत असे, "माझ्या कामाबद्दल कोणाला काही सांगायचे आहे का?" कोणी काही सांगत नसे, आणि सगळे ठीक चालले आहे असे समजून मी घरी जात असे. पुढे एका परिचारिकेने नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी ती मला म्हणाली, की पाळ्या लावताना तुम्ही नेहमी न कुरकुरणाऱ्यांवरच रात्रींचा भार टाकता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मनात असे होते की मी समंजस माणसांवर विश्वास टाकते. ती जे म्हणाली त्यातले प्रत्येक अक्षर खरे होते, आणि ते ऐकायला मला चार वर्षे आणि एका चांगल्या परिचारिकेचे जाणे मोजावे लागले.

ज्याच्या हातात आपली रजा, पाळी आणि बढती आहे त्याला अप्रिय गोष्ट कोण सांगेल? सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर यांनी तर १९७० सालीच प्रयोगांतून दाखवले होते, की वाईट बातमी ज्याची त्याला सांगायला माणसे कचरतात, तिच्यात सांगणाऱ्याचा काही दोष नसला तरीही. त्यावर अधिकाराचे वजन आले की तोंडे पूर्णच मिटतात. म्हणून विचारण्याची पद्धत बदलणे हे विचारणाऱ्याचे काम आहे.

आता मी एकेकीला स्वतंत्रपणे भेटते आणि मत विचारत नाही, प्रसंग विचारते: "गेल्या पंधरा दिवसांतला असा एक प्रसंग सांगा जेव्हा माझ्यामुळे तुमचे काम सोपे झाले, आणि असा एक, जेव्हा माझ्यामुळे ते अवघड झाले." मत द्यायचे म्हणजे निवाडा करायचा असतो आणि त्याची भीती वाटते, प्रसंग सांगण्याला तेवढे धैर्य लागत नाही. दोन्ही बाजूंचे प्रसंग मागितल्यामुळे दुसरा सांगणे हे तक्रार करणे ठरत नाही. आणि ऐकताना मी स्वतःला एक कडक नियम घालून घेतला आहे: त्या वेळी स्पष्टीकरण द्यायचे नाही. ऐकायचे, वहीत लिहायचे, आभार मानायचे आणि आठवड्याने त्याबद्दल काय केले ते सांगायला परत जायचे. पहिल्या भेटीत "पण त्या दिवशी असे झाले होते ना…" असे एक वाक्य जरी तोंडून गेले, तरी दुसऱ्या भेटीत काहीच ऐकायला मिळत नाही. मी हे करून पाहिले आहे.

बलस्थानांसाठी याहून थोडा वेगळा प्रकार मिशिगन विद्यापीठातील अभ्यासकांनी तयार केला आहे. कामातील आणि कामाबाहेरील दहा ते वीस ओळखीच्या माणसांना, तुम्ही तुमच्या सर्वोत्तम रूपात होतात असे तीन प्रसंग लिहून पाठवायला सांगायचे आणि मग ते सगळे एकत्र ठेवून त्यांत पुन्हा पुन्हा काय येते ते पाहायचे. मला संकोचामुळे सात जणांपर्यंतच जाता आले. त्यांतल्या पाच जणांनी, एकमेकांना न ओळखता, गोंधळाच्या वेळी माझा आवाज खाली येतो आणि त्यामुळे त्यांना धीर येतो, असे लिहिले होते. मला माझा आवाज खाली येतो हेच माहीत नव्हते. आता नवीन मुलींना शिकवताना मी ते जाणूनबुजून वापरते.

नवी_जबाबदारी

तिघांचेही मनापासून आभार. "रात्रपाळी" यांचा अनुभव वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. माझी अडचण अशी आहे, की मी त्या तिघांच्या अभिप्रायावर गेले पंधरा दिवस सतत विचार करते आहे, मी असे का करते, लहानपणापासून अशीच आहे का, मला अहंकार आहे का. आणि यातून बैठकीत मी आणखीच अवघडते. काल तर एका सहकाऱ्याचे बोलणे संपल्यावर, आता बोलू की नको या विचारात, मी काहीच उत्तर दिले नाही आणि तो गोंधळून गेला. आत्मपरीक्षण वाढवल्याने माझे काम बिघडते आहे की काय, अशी शंका येते.

मनाचा_अभ्यास

तुमची शंका रास्त आहे. अभिप्राय मिळाला की माणूस सुधारतोच असे नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायाच्या परिणामांवरील सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र करून तपासले, तेव्हा सरासरीने फायदा दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम खालावलेले होते. त्यांचे स्पष्टीकरण असे होते, की अभिप्रायामुळे लक्ष कामावरून निघून "मी कशी आहे" याकडे गेले की कामगिरी घसरते. तुमच्या बाबतीत सध्या हेच घडते आहे असे तुमच्या लिहिण्यावरून मला वाटते.

"मी अशी का आहे?" या प्रश्नातून, वर सांगितलेल्या मोज्यांच्या प्रयोगाप्रमाणे, बहुधा रचलेलीच कारणे हाती लागतात आणि ती स्वतःविषयी कठोर असली म्हणजे खरी असतात असे नाही. त्याऐवजी "त्या क्षणी नेमके काय घडले? त्याच्या कोणत्या शब्दावर मी बोलायला लागले? पुढच्या वेळी काय वेगळे करता येईल?" असे विचारा. टाशा यूरिक यांनी आत्मभानावरच्या त्यांच्या अभ्यासांत "का"पेक्षा "काय" हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो असे मांडले आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीतही मला ते खरे वाटत आले आहे. अहंकार आहे की नाही याचा निकाल लावण्याची तुम्हाला आज गरज नाही.

दुसरी_फेरी

मी उशिरा वाचले, पण मूळ प्रश्नातील एका गोष्टीकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून लिहितो आहे. तिघांनी लिहिले, बोलणे पूर्ण होण्याआधी उत्तर तयार असते. एकाने लिहिले, काम पुढे कुठे अडणार हे आधी दिसते. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत असे मला वाटत नाही. नऊ वर्षे तुम्ही चाचणी केलीत, म्हणजे एखादी गोष्ट कुठे मोडेल हे इतरांच्या आधी पाहण्याचेच काम केलेत. तीच नजर आता माणसांच्या वाक्यांवर चालते आहे. वाक्य कुठे जाणार ते तुम्हाला अर्ध्यातच दिसते, आणि तुम्ही तिथे जाऊन उभ्या राहता. तुमच्या फॉर्मवर जे बलस्थान लिहायचे राहून गेले ते हेच असावे, आणि ज्याचा तुम्हाला पंधरा दिवस त्रास होतो आहे तेही हेच.

मॉर्गन मॅकॉल आणि मायकेल लोम्बार्डो यांनी १९८३ साली, वर चढत जाऊन मध्येच घसरलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचा अभ्यास मांडला होता. ज्या गुणाने त्यांना वर नेले तोच पुढच्या पायरीवर आड आला, ही त्यातली एक ठळक गोष्ट होती. रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबर्ट कायझर यांनी २००९ साली तर बलस्थानांचा अतिवापर हाच विषय घेऊन लिहिले. अति तेथे माती ही आपली म्हण आपण खाण्यापिण्याला, खर्चाला, बोलण्याला लावतो. आपल्या गुणालाही ती लागू पडते हे मात्र ध्यानात येत नाही, कारण गुणाचे आजवर कौतुकच झालेले असते.

माझे स्वतःचे उदाहरण देतो. मी शांत स्वभावाचा आहे आणि प्रकल्प अडचणीत असताना माझ्या शांतपणाचा उपयोग झाला आहे, हे अनेकांनी सांगितले आहे. एका वर्षी आमच्या टीमचे काम अर्ध्यावर असताना वरून रद्द झाले. मी ती बातमी नेहमीच्याच शांतपणे सांगितली आणि पुढच्या कामाची आखणी सुरू केली. नंतर एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, "आम्ही दीड वर्ष जीव ओतला होता. तुम्हाला काहीच वाटले नाही, असे मुलांना वाटते आहे." मला वाटले होते, फार वाटले होते, पण ते माझ्या शांतपणाच्या आड राहिले. त्या दिवसानंतर मी शांतपणा सोडला नाही, सोडता आलाही नसता. फक्त अशा वेळी "मलाही याचे दुःख झाले आहे" हे वाक्य मी स्पष्ट उच्चारतो, कारण माझ्या चेहऱ्यावरून ते कोणाला कळणार नाही हे आता मला माहीत आहे.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नात बलस्थान आणि उणीव अशी जी सरळ विभागणी आहे तीच मला मान्य नाही. आकडेमोड जमत नाही, भाषा येत नाही, अशा निव्वळ उणिवा असतात; त्या कामापुरत्या भरून काढाव्यात किंवा ते काम ज्याला जमते त्याच्याकडे द्यावे. पण नेतृत्वात सहकाऱ्यांना जाचणारे दोष पाहिले तर त्यांतले बरेचसे चुकीच्या वेळी किंवा प्रमाणाबाहेर वापरलेले गुणच असतात. तुमच्या बाबतीत घाई करणारी नजर बंद करायची नाही. ती कधी बोलेल, एवढेच ठरवायचे आहे.

जुनी_वही

"दुसरी_फेरी" यांच्याशी मी सहमत आहे, आणि एक भर घालतो. जे बलस्थान वापरण्याची वेळच आली नाही ते कोणत्याही वहीत दिसणार नाही. तुम्हाला ही जबाबदारी घेऊन जेमतेम आठ महिने झाले आहेत. कोणाची भांडणे मिटवणे, वरिष्ठांना नकार देणे, नवख्याला तयार करणे, यांतले किती प्रसंग तुमच्या वाट्याला आले असतील? मला शिकवता येते हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, एका प्रशिक्षकाच्या आजारपणामुळे अचानक उभे राहावे लागले तेव्हा कळले. त्यामुळे फॉर्मवर आज जे लिहाल ते पेन्सिलीने लिहिले आहे असे समजा.

नवी_जबाबदारी

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. "दुसरी_फेरी" यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी त्या चौथ्या अभिप्रायाकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. महिनाभर तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो तोंडदेखलेपणाने लिहिलेला आहे असे मानून सोडून दिला होता.

मी एक करून पाहिले. कोणी अडचण सांगू लागले आणि मला उत्तर सुचले की ते बोलायचे नाही, समोरच्या कागदावर दोन शब्दांत लिहायचे. त्याचे बोलणे संपू द्यायचे, त्यावर एक प्रश्न विचारायचा आणि मगच कागदाकडे पाहायचे. उत्तर कागदावर उतरले की ते हरवण्याची भीती जाते आणि पुढचे खरोखर ऐकू येते, हे मला अपेक्षित नव्हते. आतापर्यंत अशा चौदा नोंदी झाल्या आहेत. त्यांपैकी नऊ वेळा माझे उत्तर शेवटी बरोबरच होते. पाच वेळा मात्र मी ज्या प्रश्नाचे उत्तर लिहिले होते तो प्रश्न समोरच्याने विचारलाच नव्हता. त्यांतले दोघे तर अडचण सांगत नव्हते, त्यांनी ती कशी सोडवली हे सांगायला आले होते. आठ महिन्यांत अशी किती बोलणी मी अर्ध्यात तोडली असतील, याचा विचार करून वाईट वाटते.

"रात्रपाळी" यांच्या पद्धतीने मी चौघांना प्रसंग विचारले. पहिल्या दोघांनी सावध उत्तरे दिली. तिसऱ्याने सांगितले, की माझ्यामुळे काम सोपे झाले ते त्या दिवशी, जेव्हा त्याच्या आराखड्यातली चूक मी सगळ्यांसमोर न सांगता आदल्या संध्याकाळी त्याला एकट्याला दाखवली होती. मला तो दिवस आठवतच नाही. अवघड झाले तो प्रसंग त्याने सांगितला तेव्हा माझ्या तोंडाशी स्पष्टीकरण आले होते. मी ते गिळले आणि लिहून घेतले. उद्या आठवडा पूर्ण होतो आहे, तेव्हा त्याच्याकडे परत जायचे आहे.

वहीही सुरू केली आहे. पहिली नोंद नव्या माणसाच्या नेमणुकीची आहे आणि खात्रीच्या रकान्यात मी दहापैकी सहा लिहिले आहेत.